पडद्यामागं बसलेल्या बायका

माझ्या मदतीला धावल्या त्या बांगडीवाल्या चाची. हे आधी लिहून टाकते, कारण लढाईच्या गोष्टीत त्यांचं नाव कुणी काढणार नाही. सरकार तर नाहीच.

माझं माहेर जतच्या पल्याड, कानडी मुलुखाला लागून. तिसरीतून शाळा सुटली आणि कराडजवळच्या गावात सून होऊन आले. मालक पलटणीत, खेचरांच्या तुकडीवर. चाचींचा एकुलता मुलगाही त्याच तुकडीत. पेरणीपासून दोघांची काही खबर नव्हती. सासूबाई माझ्या गळ्यातल्या डोरल्याकडं बघत आणि मान फिरवत. मालक गेले असतील तर मी इथं कुणाची?

तशात सरकारी मोटार लढाईचा सिनेमा घेऊन आली. चावडीपुढं दोन खांबांना पांढरं कापड ताणलं. पुरुष मोटारीच्या बाजूला, बाया कापडाच्या मागं. रीतच तशी. चित्र मागूनही दिसतं, मग बायकांना पुढं जागा कशाला?

साहेब चहा पितोय. साहेब नकाशा बघतोय. साहेब सलाम ठोकतोय. साहेबाचं कुत्रं धावतंय. घरटी एक गडी लढाईवर धाडलेलं आमचं गाव ते कुत्रं बघत बसलं होतं. अगदी शेवटी एक शिपाई आला, खेचराचा पट्टा आवळताना. तोंडावळा मालकांचा. पण डोक्याला पंजाबी पगडी, आणि पट्टा ओढत होता उजव्या हातानं. मालक पक्के डावरे. "न्हाई, ते न्हवं," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

चाचींनी माझं मनगट धरलं. "आगं पोरी, त्या सायबानं सलाम कंच्या हातानं ठोकला? डाव्या! आपुन उलट्या अंगाला बसलोय. चल पुढं."

आम्ही पुरुषांत घुसलो तसे पाटील ओरडले, "चाची, बायामानसांनी हिकडं यायचं न्हाई!"

"मग तुमी जावा तिकडं. लय ऐसपैस जागा हाय."

मोटारवाला सामान आवरत होता. "बाई, खेळ संपला. हा सरकारी सिनेमा आहे, तमाशा नाही."

"तमाशात निदान आमची मानसं दिसत्यात. लाव पुन्यांदा." आणि चाची मोटारीच्या चाकापुढं मांडी घालून बसल्या. पाटलांनी विनवलं, मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. त्या आपल्या टोपली मांडीवर घेऊन बांगड्या मोजत बसल्या. शेवटी त्यानं पुन्हा लावला.

डावा हात. मालकच!

"ह्यो कवाचा?" चाचींनी विचारलं.

"दिवाळीतला," मोटारवाला म्हणाला.

म्हणजे दिवाळीपर्यंत तरी होते. मी चाचींच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांचा मुलगा मात्र दोन्ही वेळी कुठंच दिसला नाही. "आसंल कडंला कुटंतरी," म्हणाल्या आणि माझेच डोळे पुसले.

लढाई संपली, मालक आले. चाचींचा मुलगा तिकडंच तापानं गेला. मालकांनी सांगितलं, "आगं, खेचराचा लगाम त्यानंच धरला हुता. फोटूवाला सायब म्हनला, हिंदी शिपाई पगडीवाला पायजे. मला एका सरदारजीची पगडी घातली आन् त्याला म्हनला, तू चित्राच्या भाईर हट, पर लगाम सोडू नगंस."

एवढी अक्कल. बोडक्या डोक्याचा माणूस लढाईत मरायला चालतो, चित्रात चालत नाही.

पुढं मालकांना सांगलीत रखवालदारी मिळाली. तिथं एका थिएटरात तोच सिनेमा महायुद्धाचा इतिहास म्हणून दाखवला. त्यात कुत्रं होतंच. मालकही आले, आणि भारदस्त आवाज म्हणाला, "पंजाबचा शूर जवान." मालकांना हसू आवरेना. "आवं, गप बसा," मी म्हणाले, पण माझा संताप संताप झाला. इतिहास म्हणे! ज्यांना आमच्या घरच्या माणसाचा मुलूख ठाऊक नाही, ते जगाची लढाई सांगणार.

चाची अजून गावोगाव बांगड्या भरतात. लगाम कुणी धरला होता, हे त्यांना सांगायचं धाडस मला आजवर झालं नाही. पण चाची, एक दिवस मी तुम्हाला सांगलीला आणीन, त्या थिएटरात माझ्याशेजारी बसवीन, आणि तो लगाम आला की उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं तुमच्या मुलाचं नाव घेईन.