फुकटची कोथिंबीर

तुम्ही दोघं नातवंडं तिकडे परदेशात दर रविवारी मराठी शिकायला लागलात, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला व्हायला हवा होता. झाला नाही. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तेही दुसऱ्यांच्या मुलांना. मराठी फक्त तुम्हाला शिकवायचं मनात होतं. त्यासाठी रंगीत कार्डं केली होती, विषयवार, रबर लावून. तेवढ्यात तुमच्या आईचा फोन आला, "आई, नेटवर एका ताईंचे धडे मिळालेत. मुलं अगदी खूश आहेत." मी "वा, छान" म्हटलं आणि कार्डं कपाटात ठेवून दिली.

या ताई हडपसरच्या. तिथल्या एका शाळेत मराठी शिकवतात आणि परदेशातल्या मुलांसाठी धडे तयार करून नेटवरच्या एका सामाईक पानावर ठेवतात. त्या पानावर कुठले कुठले मराठीचे शिक्षक जमलेले आहेत. एक जण संवाद लिहितो, दुसरी चित्रं काढते, तिसरी आवाज देते. कोणीही धडा उचलावा, बदलावा, परत ठेवावा. आमच्या शिक्षकखोलीत प्रत्येक जण आपली टिपणं कुलपात ठेवत असे. इथे सगळं उघडं, आणि वर एकमेकांचे आभार! ताईंच्या धड्यांखाली तर आभारांची रांगच. मी ती शेवटपर्यंत वाचत असे आणि मग दिवसभर कशातच लक्ष लागत नसे.

शेवटी मीही त्या पानावर नाव नोंदवलं. उद्देश एकच, चूक सापडते का पाहणं. तुमचा सगळ्यात लाडका धडा भाजीबाजाराचा. त्यात ताई भाजीवाली होऊन ओरडतात, मध्येच थांबल्या की मुलांनी उत्तर द्यायचं. मेथी घेतली की वर फुकटची कोथिंबीर मागायची. मी खाली लिहिलं, "मुलांना भाषा शिकवायची आहे की हुज्जत?"

थोड्याच वेळात ताईंचं उत्तर आलं. "बरोबर आहे ताई. मग तुम्हीच करा की दुरुस्त. धडा उघडाच आहे."

मला वाटलं, टोमणा आहे. नव्हता. ज्याला खटकलं त्याने सुधारायचं, अशी तिथली रीतच आहे. मग मीही पदर खोचला. ओरडणं काढलं, पूर्ण वाक्यं घातली, जागोजागी 'कृपया' पेरलं, कोथिंबीर वगळली. ताईंनी तो जसाच्या तसा पुन्हा वाचून, आवाज भरून ठेवला. माझा एक शब्दही बदलला नाही. याचाही मला रागच आला.

त्या रविवारी तुमच्यापुढे तोच धडा आला. संध्याकाळी फोनवर धाकटी म्हणाली, "आजी, आज ताई आजारी होत्या बहुतेक. खूप बोअर झालं."

"भाजीवाली एकदम सॅड होती," दादाने भर घातली.

"असेल ताप," मी म्हटलं.

तो धडा माझा होता, हे आज पहिल्यांदा सांगते आहे.

त्या पानावर जुने धडेही जपलेले असतात. दुसऱ्या दिवशी ताईंचा मूळ धडा मीच जागेवर आणून ठेवला. ताईंनी विचारलं, "का हो? तुमचा किती स्वच्छ होता!" पुण्यात 'स्वच्छ' ही दरवेळी स्तुती नसते, हे हडपसरलाही ठाऊक असावं.

पुढच्या रविवारी व्हिडिओवर धाकटीने फर्मान काढलं, "आजी, तू भाजीवाली हो." मी सुरुवात केली.

"अशी नाही! ताई ओरडतात."

मग मी ओरडले. समोरच्यांचं दार उघडलं आणि हळूच लागलं.

"मेथी घ्या, ताजी मेथी!"

"एक जुडी द्या. वर कोथिंबीर द्या."

"कोथिंबीर फुकट नाही मिळायची."

"त्या ताई देतात."

"मग त्यांच्याकडूनच घ्या!" बोलायला गेले भाजीवालीचं, पण आवाज माझाच निघाला.

हे वाक्य धड्यात नव्हतं. दादा काहीतरी सुचवायला लागला, त्याला तू, धाकटे, हाताने मागे सारलंस. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन म्हणालीस, "त्यांची मेथी शिळी आहे."

हा शब्द तुला कोणी शिकवला, मला माहीत नाही. ताईंच्या एकाही धड्यात तो नाही. मी सगळे तपासले. त्या क्षणी मात्र मी ओंजळ भरभरून कोथिंबीर तुझ्यासमोर ओतली. हवेतलीच, पण पुष्कळ.