वडिलांची वाकडी धून

पाऊस ओसरून मैदानावर उन्हं आली, तशी तंबूंपुढे खुर्च्यांची कोंडाळी जमली. वेस्ट व्हर्जिनियातल्या लोकसंगीताच्या या जत्रेला डेल्फिया एकर्स लग्नाआधीपासून येत होती. इतकी वर्षं तिने इथे दुसऱ्यांच्याच धुना वाजवल्या. वडिलांची मात्र फक्त घरात, स्वयंपाक शिजत असताना. ती धून वाकडी होती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक ठोका जास्त. तिथे वडील क्षणभर थबकत, जणू उंबऱ्यात कुणी हाक मारली. आता ती तिच्याखेरीज कुणालाच येत नव्हती, आणि बोटं वळेनाशी झाली होती. या खेपेला ती कुणाच्या तरी हाती द्यायचीच, असं ठरवून ती आली होती.

"मला शिकवा ना, मिस डेल्फी," कोरीन म्हणाली. पोरगी शहरातली, पण फिडलवर, त्या गावरान व्हायोलिनवर, हात गोड.

"शीक. पण तो वाकडा ठोका सोडायचा नाही हं. तोच तर माझा बाप."

बँजोवाला व्हर्लिन, डेल्फियाचा दीर, खाकरला. "डेल्फे, तुझा बाप चालायचाही तसाच. तेही न पिता!"

हशा झाला आणि धून सुरू झाली. जिने-ज्याने सुरू केली, त्याने पाय उचलून थांबायची खूण करेपर्यंत तीच ती फिरत राहायची, अशी इथली रीत. आधी सगळे त्या ठोक्याशी ठेचकाळले. मग गिटारवाल्याने तो गिळला. त्याच्यामागे बासवाला गेला, येताजाता सामील झालेले वादक गेले, डोळे मिटून कोरीनही गेली. डेल्फिया एकटीच थबकत राहिली. ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारी चुकतेय. व्हर्लिननेही मान खाली घालून सरळ वाट धरली होती. तिने पाय उचलला. सगळे एकदम थांबले.

"आली मला!" कोरीनचा चेहरा फुलला होता. "मध्ये काहीतरी अडकत होतं. पण शेवटी बसली की नाही छान?"

त्या चेहऱ्याकडे पाहून डेल्फियाच्या तोंडून निघालं, "बसली."

तंबूत येऊन तिने एकटीने फिडल हनुवटीखाली धरलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी गज न थांबता पुढे निघून गेला. तिने पुन्हा वाजवलं, मुद्दाम थांबली. पण ते मोजून थांबणं होतं, हाक ऐकून नव्हे. ती हाक कुठून येत असे, ते आठवेना.

बाहेर दुसऱ्या कोंडाळ्याने तीच धून उचलली होती, सरळसोट. ऐकताऐकता तिचा पाय त्यावर ठेका धरू लागला.