टप उघडा ठेवून रामटेकला

नागपूरच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा डिसेंबरची सकाळ होती आणि थंडी अशी, की हमालांनीही कानटोप्या चढवल्या होत्या. साताऱ्याहून मी एका गाडीसाठी आलो होतो.

बारा वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त इथे असताना एका बंगल्यामागच्या गवतात ती मला सापडली होती. दोन दारांची, कापडी टप मागे घडी करून ठेवता येणारी, माझ्याहून वयाने मोठी विलायती गाडी. टपाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि इंजिनात उंदरांचा संसार होता. हौसेने घेतली खरी, पण काम सुरू होतंय तोवर माझी बदली झाली. गाडी नागपूरच्याच सदर भागातल्या देवरावजी मेकॅनिकच्या गॅरेजात राहिली. दर दिवाळीला मी फोन करायचो आणि दर दिवाळीला ते म्हणायचे, "होऊन राहिली साहेब, होऊन राहिली." या दिवाळीला म्हणाले, "झाली. या."

रिक्षातून उतरलो आणि रस्त्यातच उभा राहिलो. गॅरेजच्या दारात ती उन्हाला उभी होती. फिकट हिरवी, अजून पिकायला आठवडा असलेल्या संत्र्याच्या सालीसारखी. आत साईच्या रंगाच्या गाद्या. बंपरमध्ये समोरचं चहाचं दुकान उलटं दिसत होतं.

देवरावजी बाहेर आले. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. आवाजाच्या रोखाने मान वळवून ते हसत राहिले. मागून त्यांची मुलगी वैशाली आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाबाले दिसत नाही, काका. दोन वर्षं झाले. काचबिंदू."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर तुम्ही गाडी उचलून नेली असती," देवरावजी म्हणाले.

ते खरं होतं.

वैशाली जवळच एका कचेरीत कारकून आहे. दोन वर्षं रोज सकाळी कचेरीआधी ती सुट्या भागांवरचे आकडे वाचून दाखवायची, रंगाऱ्याला छटा सांगायची. बाकी सगळं बोटांनी आणि कानांनी झालं होतं. कौतुक वाटलंच. तरी "आणि ब्रेक?" मी विचारलं आणि विचारल्याबरोबर ओशाळलो.

"ब्रेकबी म्याच केले. म्हणून तर तुमच्या बाजूले मी बसतो," देवरावजी म्हणाले. "तुम्ही मरसान, तर मीबी मरन."

गाडी साताऱ्याला न्यायला दुसऱ्या दिवशी ट्रक ठरला होता. देवरावजींचं एकच मागणं होतं. "गल्लीच्या टोकापावेतो नेऊन परत आणली, तेवढीच चालली थे. आपल्या रामटेकपावेतो तिले वारा दाखवा."

निघालो. त्याआधी कोपऱ्यावरच्या गाड्यावर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक तिखट रस्सा) खाल्ले. माझ्या नाकातून पाणी यायला लागलं. देवरावजींनी आणखी एक पळी तर्री मागून घेतली.

टप मागे घातला, मफलर आवळले आणि कामठी रोडला लागलो. उघड्या गाडीत बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की आपण रस्त्यावरच्या लोकांपासून लपू शकत नाही. सिग्नलला एका स्कूटरवाल्या बाईंनी वाकून आत पाहिलं. "छान आहे वो! पण पाऊस आला तर?"

"भिजू!" देवरावजी ओरडले. बाई हसत सुटल्या.

कन्हान नदीचा पूल आला तो मला दिसायच्या आधी त्यांना कळला. "थंडगार झालं. नदी आली." मग वीटभट्टीचा धूर, शेणाने सारवलेलं अंगण, रस्त्याकडेच्या ढिगातली संत्री असं ते एकेक सांगत गेले. मी एवढी वर्षं गाडी चालवतोय, पण काच वर करून. त्या दिवशी प्रथमच गाव नाकाने ओलांडत होतो.

मनसर जवळ आलं तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं. मान तिरपी झाली.

"थांबवा, साहेब. पंख्याचा पट्टा शिट्टी मारून राहिला."

मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तापमानाचा काटा मध्यावर होता. "सगळं ठीक आहे," मी म्हटलं आणि पुढे दामटली. लाज वाटते, पण मनात हेच होतं, की डोळे मला आहेत.

किलोमीटरभरात बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ उसळली. काटा अजूनही मध्यावरच होता. तो अडकला होता.

गाडी कडेला घेतली. देवरावजी दोष न देता उतरले आणि बॉनेटची कडी चाचपायला लागले. तेच जास्त लागलं. धानाची कापणी झालेल्या शेतातून एक बाई आल्या. डोक्यावर रुमाल, हातात विळा.

"काहून थांबले गा? आन् हिचं छप्पर कुठी पडलं?"

"छप्पर नसतेच हिले, बाई. पाणी भेटन का?" देवरावजींनी विचारलं.

बाईंनी मोटारपंपावरून कळशी भरून आणली. इंजिन निवेपर्यंत आम्ही बांधावर बसलो. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "चुकलं माझं, देवरावजी. ऐकायला हवं होतं."

"नवा पट्टा पहिल्या फेरीत ढिला होतेच," ते म्हणाले. "तुमची गोष्ट निराळी. तुम्हाले काटा दिसते म्हणून तुम्ही काट्याले पाहता. मले काटा नाही, म्हणून मी गाडीले ऐकतो."

मग उठून त्यांनी बॉनेटखाली हात घातला. बोटांनी नट शोधला, मी पाना हातात दिला. पट्टा ताणून अंगठ्याने दाबून पाहिला, पुन्हा थोडा ताणला. शेतातल्या बाई कळशी कमरेवर घेऊन श्वास रोखल्यासारख्या पाहत होत्या. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली तेव्हा त्यांनी टाळ्याच वाजवल्या. मी त्यांना रस्त्याच्या वळणापर्यंत फिरवून आणलं. उतरताना म्हणाल्या, "लय गार लागते बापा!" पण त्यांचं हसू काही केल्या थांबेना.

रामटेकला गडावर जाऊन रामाचं दर्शन घेतलं. देवरावजी पायऱ्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले आणि माझ्यापेक्षा कमी धापले. खाली परतलो तर गाडीभोवती ही गर्दी! चालकाच्या जागी एक वानर (काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं) बसलं होतं. वाटेत घेतलेली आमची संत्री सोलून साली त्याने नव्या गादीवर ठेवल्या होत्या. मी हाकलायला धावलो. देवरावजींना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "बसू द्या. इतक्या वर्षात तिच्यात पहिल्यांदा कोणी निवांत बसलं."

गावाबाहेर जत्रेचं मैदान आहे. दुपारी ते पार रिकामं होतं. ना गुरं, ना माणूस, ना झाड. मी गाडी मधोमध नेऊन थांबवली, उतरलो आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"काय झालं?"

"तुम्ही चालवा."

"मस्करी करून राहिले का?"

"नाही. मी बाजूला बसतो. सांगतो."

ते उतरले. मग बॉनेट हाताने चाचपत पलीकडे गेले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, काढले, पँटला पुसले, पुन्हा ठेवले. क्लच इतका अलगद सोडला, की गाडी निघाल्याचं मला चाकाखालच्या मातीवरून कळलं.

"सरळ... थोडं डावीकडे... आता शंभर पावलं मोकळं."

पहिला गियर, दुसरा. "मोकळं आहे?" "मोकळं आहे!" तिसरा. वाऱ्याने त्यांचा मफलर उडाला, तरी त्यांनी हात सोडला नाही. मैदानाला एक मोठा वळसा, मग दुसरा. तिसऱ्या वेळी कुठे वळायचं ते त्यांनी मला विचारलंच नाही. आणि मग त्यांनी भोंगा वाजवला. एकदा नाही, सारखा, वाजवतच राहिले. समोर कोणी नव्हतं तरी. मीही ओरडायला लागलो. काय ओरडलो, आठवत नाही.

थांबल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. गालांवर धुळीतून ओघळ आले होते. "वैशालीले नका सांगू," म्हणाले. "थे मले रागवन."

संध्याकाळी सदरला पोहोचलो तर त्यांनी स्वतःच, गाडीतून उतरायच्या आधी, तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी रागावली, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, किती दिवसांनी बाबा इतकं बोलून राहिला."

ट्रक मी रद्द केला. देवरावजींना साताऱ्याचं निमंत्रण दिलं आणि आम्ही दोघं गाडीनेच निघालो. चार दिवस लागले. दारात बायकोने विचारलं, "वाटेत गाडीने त्रास दिला का हो?"

"गाडीनं नाही, वहिनी," देवरावजी म्हणाले. "साहेबायनं देल्ला. गियर लय आपटतात."

ते आठवडाभर राहिले आणि रोज सकाळी त्यांनी मला शिकवलं. आता गियर टाकताना मी क्षणभर डोळे काट्यावरून काढतो आणि ऐकतो. प्रवासातून माणसं काय काय वस्तू आणतात. मी नागपूरहून कान घेऊन आलो.