बाबांची ग्रीक फौज

आई गेल्यावर मी बाबांना नोएडाला घेऊन आले, आणि आल्या दिवसापासून ते परत जायच्या गोष्टी करत होते. साताऱ्याच्या घरात ते एकदा न्हाणीघरात पडले होते. शेजारची बाई वाटी परत द्यायला आली म्हणून कळलं, नाहीतर काय झालं असतं याचा विचारही मला करवत नाही. पण त्यांचं एकच पालुपद, "दिवाळी झाली की मी जाणार." तिकीटसुद्धा स्वतः जाऊन काढून आणलं, मला न विचारता, मोडक्यातोडक्या हिंदीत. आता बोला!

त्यांचं तरी काय चुकत होतं म्हणा. आमचा सेक्टर तेव्हा अर्धाच बांधलेला. समोर विटांचे ढीग, पलीकडे शेतं, संध्याकाळी हमखास लाइट जाणार. नवरा प्रॉजेक्टवर बंगळूरला, मी सकाळच्या कॅबने ऑफिसला. बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून दिवसभर सिमेंटचे ट्रक बघायचे. "अहो, खाली तरी उतरा जरा!" म्हणून मी रोज ओरडायचे.

एकदा उतरले, आणि तळमजल्यावरच्या कर्नलसाहेबांनी त्यांना गाठलं. हे निवृत्त फौजी, एकटेच राहायचे. लोकांच्या हॉलमध्ये सोफा असतो, यांच्या हॉलमध्ये भलंमोठं टेबल, त्यावर हिरवं कापड आणि त्या कापडावर बोटाच्या पेराएवढे शिशाचे रंगवलेले सैनिक. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या लढाया लढायच्या, असा तो खेळ. त्यांचा भिडू फरीदाबादहून यायचा, तो मुलाकडे परदेशी निघून गेला होता. "भाईसाहब, लड़ेंगे?" त्यांनी विचारलं. जन्मभर बांधकाम खात्यात खाली मान घालून नकाशे काढलेले माझे बाबा म्हणाले, "लड़ूँगा."

कर्नलसाहेबांकडे रोमन होते, तेव्हा बाबांना ग्रीक हवेत असं ठरलं. ग्रीकांचा जगज्जेता राजा मेल्यावर ज्या सरदारांनी त्याचं राज्य वाटून घेतलं, त्यांच्यापैकी एकाची फौज. तिच्यात हत्ती असायचे.

"हाथी कहाँ के?" बाबांनी विचारलं.

"यहीं के. हिंदुस्तान से जाते थे."

"म्हणजे आपलेच की," बाबा मला म्हणाले, आणि विषय संपला.

हे सैनिक इंग्लंडात मिळायचे, बिनरंगाचे; रंगवायचे आपले आपण. कर्नलसाहेबांनी तिथल्या दुकानाचा कॅटलॉग दिला आणि बाबा भिंग घेऊन त्यावर तुटून पडले. जेवताना तेच. "हा गोफणवाला बघ. गोफण फिरवताना कोपर असंच वर जातं, बरोबर काढलंय हं. आणि हा घोडेस्वार नको, एवढा झगा सांभाळत लढणार कसा?" एका भालेवाल्याचं नाक पसंत पडेना म्हणून तो बाद झाला.

"बाबा, फौज निवडताय की सून?"

"तुला काय कळतंय त्यातलं? गप जेव."

तिकीट मात्र देवापुढच्या डब्यात होतंच. त्याबद्दल मी बोलले की ते तोंड फिरवायचे.

दसऱ्याच्या सुमारास ऑफिसने मला इंग्लंडला पाठवलं. ते दुकान शोधून काढून मी बाबांनी सांगितलेलं सगळं मागितलं. म्हाताऱ्या दुकानदाराने दोनदा विचारलं, "सगळे एकेकच?" मी मान ताठ करून म्हणाले, हो, एकेकच, वडिलांनी फार विचार करून निवडलेत. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने पुडी बांधली. मेल्याने तेव्हाच तोंड उघडलं असतं तर!

मी परत आल्यावर बाबांनी कर्नलसाहेबांच्या टेबलावर फौज मांडली. एक उभा भालेवाला, एक गुडघा टेकलेला, एक तिरंदाज, एक गोफणवाला, एक तुतारीवाला, एक घोडेस्वार, एक हत्ती. कर्नलसाहेब पुडीत डोकावले. "बाकी कहाँ हैं?"

"बाकी क्या?"

मग ते जे हसायला लागले, ते ठसका लागेपर्यंत. "भाईसाहब, ये फ़ौज है कि मेला?" हसू ओसरल्यावर त्यांनी समजावलं. ग्रीकांचा भाला इतका लांब की एकट्याला तो घेऊन वळताही येत नाही, बाजूने कुणीही येऊन मारेल. एकसारखे पुष्कळ जण खांद्याला खांदा लावून, रांगेमागे रांग, असे उभे राहिले तरच त्यांची भिंत होते. "अकेला भालेवाला किस काम का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही दिवाळीच्या किल्ल्याची माणसं! किल्ल्यावर दाराशी एक मावळा, विहिरीपाशी एक गवळण, तराजू घेतलेला एक वाणी, गुहेत एक वाघ. एकसारखी दोन चित्रं कोण घेतं? आई म्हणायचीच, "एक आहे ना घरात, मग दुसरं कशाला?" बाबांनी त्याच हिशेबाने निवडलं आणि मीही काही वावगं न वाटता उचलून आणलं.

बाबांनी सैनिक पुडीत बांधले, वर आले, माळ्यावरची बॅग काढली. "हसं करून घेतलं म्हातारपणी," एवढंच म्हणाले.

माझं डोकं फिरलं. तशीच खाली गेले. "आपको इतना हँसना ज़रूरी था?" किल्ल्याचं सांगितलं, आई गेल्याचं सांगितलं, न्हाणीघरातलंही सांगितलं. ते परत एकटे राहायला गेले तर माझ्या जिवाला घोर लागेल, हेही सांगितलं. कर्नलसाहेबांचा चेहरा एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात. डोक्यावर टोपी, हातात फावडं. "भाईसाहब, सुना है आप क़िला बनाते हैं. मुझे घेरना आता है, बनाना नहीं आता."

बाबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मी गॅसकडे बघितलं. मग बाबांनी चपला घातल्या.

पार्किंगच्या कडेला, समोरच्या ढिगातल्या विटा आणून, पोती टाकून, माती लिंपून किल्ला उभा राहिला. हळीव कुठे मिळेना म्हणून मोहरी पेरली. "पानी कहाँ है क़िले में?" कर्नलसाहेबांनी विचारलं. "टाँका है ना पीछे! दिखता नहीं?" बाबा खेकसले. ग्रीक बुरुजावर चढले, खाली रोमनांचा वेढा पडला, हत्ती दरवाजात मावतो की नाही यावरून तर दोघांचं असं जुंपलं की विचारू नका. मी बाल्कनीत सोऱ्या हातात धरून ऐकत राहिले. आई गेल्यापासून बाबांचा आवाज चढलाच नव्हता. भांडत होते ते, चांगले कडाकडा! मला इतकं बरं वाटलं की तेलातल्या चकल्या करपल्या.

पण बॅग दाराशीच होती. भाऊबीज झाली, जायचा दिवस आला. मी रजा टाकली, त्यांना स्टेशनवर सोडायला कारची किल्ली उचलली. बाबा जेवणाच्या टेबलाशी, अंघोळ नाही, समोर कॅटलॉग, हातात भिंग.

"बाबा, गाडी चुकेल."

"तू परत विलायतेला कधी जाणार?"

"मार्चात. का?"

"हा उभा भालेवाला आण. हाच. पुष्कळ आण, सगळे एकसारखे. एकटा काही कामाचा नाही म्हणतो कर्नल. बरोबर आहे त्याचं."

"आणि तिकीट?"

"रद्द कर की. माझ्याशिवाय रंगवणार कोण ते?"

हुश्श! मी खुर्चीवर बसलेच. मग संताप आला. "हे काल सांगता येत नव्हतं? रजा टाकलीय मी!" ओरडता ओरडता रडू आलं ते वेगळंच. बाबा भिंगावरून मान वर करेनात.

डोळे पुसून मी त्यांची बॅग परत आत न्यायला उचलली, तर ती रिकामी. कपाट उघडून बघितलं. सदरे, धोतरं, आईचा फोटो, सगळं जागच्या जागी. खालच्या फळीवर किल्ला केला त्या दिवशी मातीने माखलेला पायजमा होता, आता धुऊन नीट घडी घातलेला.