कुकरची शिट्टी राहू दे

मी आयुष्यभर 'शू' या एका अक्षरावर पगार घेतला.

गुलमंडीच्या गर्दीतून दोन वळणं घेतली की आमचं सार्वजनिक वाचनालय लागतं. खाली रिक्षांचे हॉर्न, फेरीवाले, दुचाकी कुठं लावायची यावरून रोजची भांडणं. जिना चढून वर आलं की शांतता. ती आपोआप राहत नाही, मी राखते. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे, पण पाटीला कोण विचारतं? माझ्या नजरेला विचारतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं-पोरी वेफर्सचं पाकीट फोडायलासुद्धा जिन्यात जातात.

सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की घरी मी कुकरलाही 'शू' करते. एका लग्नात भटजी मंगलाष्टकांना वरचा सूर लावत होते, तेव्हा माझ्या तोंडून 'शू' निघून गेलं होतं. तेव्हापासून नवरा मला लग्नात पुढच्या रांगेत बसू देत नाही.

अशा बाईवर एके दिवशी माईकसमोर बसून मोठ्यानं वाचायची वेळ आली, ती 'बाईं'मुळं.

बाई म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या वाचक. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, म्हणून सगळं वाचनालय त्यांना बाईच म्हणायचं. दर गुरुवारी यायच्या, जाडजूड कादंबरी न्यायच्या आणि परत करताना समासात पेन्सिलीनं बरोबर-चूकच्या खुणा करून आणायच्या. एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर 'घाई केली आहे' असा शेरा होता. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल म्हणजे माझ्या लेखी देवळात चप्पल. मी खोडरबर घेऊन बसायचे, मनातल्या मनात चिडायचे आणि खोडण्याआधी शेरा वाचून घ्यायचे. बाईंचं बहुतेक बरोबर असायचं.

मागच्या हिवाळ्यात एका गुरुवारी त्या पुतण्याचा हात धरून जिना चढल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं. पहिल्यांदाच समास कोरा होता. मग त्यावर आपलं कार्ड ठेवलं.

"हे बंद कर, पोरी," त्या म्हणाल्या. "अक्षराच्या मधोमध काळा डाग दिसतो. डॉक्टर म्हणतात, आता सुधारायचं नाय. मी चालले खुलताबादला, पुतण्याकडं."

मी पन्नाशी ओलांडली आहे, पण बाईंसाठी मी पोरीच. कार्ड बंद करायला मला दोन बटणं दाबायची होती. माझा हात काही उठेना. ज्या बाईनं वाचनालयातल्या निम्म्या कादंबऱ्यांना गुण दिले, तिला 'सभासदत्व समाप्त' असं कसं लिहायचं?

"कार्ड राहू द्या," मी म्हणाले. "मी वाचून पाठवते तुम्हाला. मोबाईलवर."

"तू? तुझा आवाज तर आम्ही कधी ऐकला नाय."

"शिकेन."

बाईंनी जरा विचार केला. "बघू. पण मला कंटाळा आला तर मी तोंडावर सांगेन. तेव्हा मात्र कार्ड बंद. उगीच दयेपोटी चालू ठेवायचं नाय."

एवढ्या आत्मविश्वासानं मी 'शिकेन' म्हणाले, त्याला कारण होतं. कुणाला बागेचा छंद असतो, कुणाला विणकामाचा. मला ई-प्रमाणपत्रांचा आहे. टाळेबंदीत घरबसल्या वेबिनार सुरू झाले आणि आम्हा ग्रंथपालांना त्याची चटकच लागली. दोन तास बसा, शेवटी प्रश्नावली भरा, की सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र ई-मेलनं हजर. डिजिटल ग्रंथालयाचं आहे, सायबर सुरक्षेचं आहे, योगासनांचंही एक आहे. नवरा म्हणतो, घराला रंग द्यायचा खर्च वाचला, भिंतींना हेच चिकटवू.

बाई गेल्यावर मी लगेच ध्वनिमुद्रणाच्या वेबिनारला नाव नोंदवलं. राज्यभरातले ग्रंथपाल जमले होते. तुम्हाला सांगते, इतकी शांत सभा जगात झाली नसेल. सगळ्यांचे माईक बंद. शिकवणारे बिचारे "माझा आवाज येतोय ना?" असं पुन्हापुन्हा विचारत होते आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. तेवढ्यात कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी सगळ्या सभेत घुमली. मी सवयीनं जोरात "शू!" केलं. पडद्यावर सगळ्यांच्या मधोमध माझा चौकोन उजळला. माईक माझाच उघडा होता आणि कुकरही माझाच होता.

प्रमाणपत्र मात्र मिळालं.

पहिल्या वाचनासाठी मी चार भावांच्या वाटणीची एक दणदणीत कौटुंबिक कादंबरी निवडली. खोलीचं दार लावून पहिलं प्रकरण वाचलं आणि पाठवून दिलं. संध्याकाळी बाईंचा बोलका मेसेज आला. "घरात कुणी आजारी आहे का गं? इतकं हळू का बोलतेस?"

मी ऐकून बघितलं. खरंच, मी कुजबुजत होते. चारही भाऊ एकमेकांच्या उरावर बसले होते, पण कानात सांगितल्यासारखे.

मग मी स्वयंपाकघरात आवाज मोकळा केला. मोठ्यानं बोलायचं तर तीच जागा मला सवयीची. पण ते घर आहे, स्टुडिओ नाही. थोरला भाऊ आईचे पाय धरतो, तिथं कुकरनं शिट्टी दिली. मधल्या भावानं दार आपटलं, तेवढ्यात गल्लीतली भाजीवाली मौसी खिडकीखाली येऊन ओरडली, "क्या बाजी, आज मेथी नक्को क्या?" आणि म्हातारी आई प्राण सोडते, त्याच वाक्याला नवरा आत आला. "अगं, माझा चष्मा कुठंय?"

तो बँकेतून निवृत्त झाला आहे आणि चष्मा शोधणं हे त्याचं सध्याचं पूर्णवेळ काम आहे.

पुन्हा वाचायला घशात त्राण नव्हतं. लाजत लाजत तसंच पाठवलं आणि खाली चार वेळा माफी मागितली. बाईंचं दोन शब्दांचं उत्तर आलं, "पुढचं पाठव." पुढची दोन-तीन प्रकरणंही अशीच गेली, फोडणीसकट. प्रत्येक वेळी मी माफी मागायचे आणि त्या म्हणायच्या, "पुढचं पाठव."

त्यांच्या पुतण्याच्या बायकोनं तिकडं एक युक्ती केली होती. फोनच्या काचेवर, बोलायच्या खुणेला खेटून, तिनं गोल टिकली चिकटवली होती आणि ऐकायच्या जागेजवळ लांबट टिकली. बाई बोटानं चाचपायच्या आणि बरोबर दाबायच्या. मी एवढी प्रमाणपत्रं घेतली, मला हे सुचलं नसतं.

मला मात्र ते आवाज सलत होते. जिनं जन्मभर शांतता राखली, तिच्या वाचनात कुकर? मी इंटरनेटवर शोध शोध शोधलं आणि एक संकेतस्थळ सापडलं. आपली ध्वनिफीत तिथं चढवायची, एक बटण दाबायचं, की मागचा सगळा गोंगाट साफ. उरलंसुरलं आपण हातानं कापायचं. मला तर घबाड मिळालं. तांदळातले खडे वेचावेत तशी मी एकेक शिट्टी वेचून काढायला लागले. कुकर गेला. मौसी गेली. नवऱ्याचा चष्मा गेला आणि त्याच्यामागून नवराही गेला. लग्नानंतर पहिल्यांदाच मला त्याला मध्येच थांबवता आलं, तेही एका बटणावर. रविवारचे रविवार मी त्यातच घालवले. माझा आवाज असा स्वच्छ निघाला की मीच त्याच्या प्रेमात पडले.

बाईंना तीन प्रकरणं अशी पाठवली. पहिल्याला उत्तर आलं, "मिळालं." दुसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्यानंतर मेसेज आला, "पोरी, कार्ड बंद कर."

बस, एवढंच.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. फुकट राबायचं, रविवार घालवायचे आणि वर हे? मी फोन केला तर पुतण्याच्या बायकोनं उचलला. ती म्हणाली, "काय माहीत बाई काय झालंय. आधी लई मन लावून ऐकायच्या. मला पण बोलवायच्या, बघ गं, साहेबांचा चष्मा हरवला परत. आता अर्ध्यात बंद करतात अन् गप बसून राहतात."

मी बाईंना लिहिलं... म्हणजे बोलले, "काय चुकलं ते सांगा, मग बंद करते. तुम्ही शेरा दिल्याशिवाय कधी पुस्तक परत केलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मेसेज आला. चांगला लांबलचक. मी लावला, तर काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला. तरी काही नाही. टिकलीजवळ चुकून बोट दाबलं गेलं असणार, असं म्हणून बंद करणार होते. पण गेल्या दोन महिन्यांत कान तयार झाला होता, म्हणून हेडफोन लावून ऐकत राहिले. मध्ये एकदा कुठंतरी दार करकरलं. पुन्हा काही नाही. मनात आलंही, काय स्वच्छ ध्वनिफीत आहे, हिला साफ करायला नको. मग अगदी शेवटी बाई बोलल्या.

"ऐकलंस? सकाळी सगळे रानात गेले की संध्याकाळपर्यंत माझ्या घरात एवढंच असतं. तुझी शिट्टी झाली की मला वाटायचं, मी तुझ्या ओट्याजवळ पाट टाकून बसलेय. ती मेथीवाली आली की मी पण मनात भाव करायचे. तू सगळ्यांना हाकलून दिलंस. नुसती गोष्ट घेऊन मी काय करू? शांतता माझ्याकडं लई आहे, पोरी."

मला रडू आलं. वाचनालयात होते, म्हणून आवाज न करता रडले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. मला हसू येत नव्हतं. ज्या वस्तूची मी जन्मभर राखण केली, ती बाईंच्या घरात नको इतकी होती आणि मी त्यांना तीच पाठवत होते, वर घासूनपुसून.

पुढच्या रविवारी मी कुकर लावला, खिडकी सताड उघडली आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं. "मी वाचते. तुम्ही मध्ये मध्ये बोला."

जन्मभर ज्याला गप्प बसवलं, त्याला परवानगी मिळाली आणि त्याची वाचाच बसली. "काय बोलू?" असं खुणेनं विचारत हाताची घडी घालून उभा राहिला, पाहुण्यांसमोर उभ्या केलेल्या मुलासारखा. मी डोळ्यांनी दटावलं तर आणखीच अवघडला. शेवटी कुकरनं शिट्टी दिली, तो दचकला आणि भान विसरून म्हणाला, "अगं, चष्मा?"

"डोक्यावर," मी म्हणाले आणि पुढचं वाक्य वाचलं.

काहीही न कापता पाठवून दिलं. माफी मागितली नाही. उत्तर आलं नाही. त्यानंतरचं पाठवलं, त्यालाही नाही. नवरा आता तयार झाला होता. भावांच्या वाटणीवर तो स्वतःचं मत द्यायला लागला होता. धाकट्याची बाजू घेऊन माझ्याशी भांडायचा, तेही तसंच बाईंकडं जात होतं. पण खुलताबादहून काही येईना. बाईंचं कार्ड मी रोज संगणकावर उघडायचे, 'समाप्त' या शब्दाकडं बघायचे आणि मिटून टाकायचे. दयेपोटी चालू ठेवू नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आणखी एक रविवार वाट बघायची आणि मग बंद करायचं, असं मी ठरवलं.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी, भर दुपारी, वाचनालय गच्च भरलेलं असताना बाईंचा मेसेज आला. मी घाईघाईनं दाबला. हेडफोनची पिन नीट बसली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. सगळ्या दालनात बायकांचा कलकलाट फुटला. कुणी हसत होतं, शेंगा फोडल्याचा कटकट आवाज येत होता, एक जण म्हणत होती, "आगं, चष्मा सापडला का त्यांचा?" दुसरी म्हणाली, "डोक्यावरच असंल, बघ." पुतण्याच्या बायकोचा आवाज मी ओळखला. आसपासच्या वस्तीवरच्या बायकांना तिनंच जमवलं असणार. त्या कामं घेऊन बाईंच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या, गोष्टीसाठी किती आणि नवऱ्यासाठी किती, देव जाणे. आणि त्या सगळ्या गलक्यावरून शाळेतला तो खणखणीत आवाज आला.

"शू! गप बसा की गं! ऐकू द्या मला!"

आमचं अख्खं दालन चपापलं. पेनं थांबली. पोरं-पोरी माझ्याकडं बघायला लागली. गलका जरा कमी झाला आणि बाई माझ्याशी बोलल्या, "कार्ड चालू ठेव. अन् साहेबांना सांग, धाकट्याची बाजू चुकीची आहे."

समोरच्या टेबलावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हेडफोन..."

"हो गं," मी म्हणाले, आणि पिन तशीच राहू देऊन मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावला.