बिस्किट मिस्त्री

मोटरसायकलचा स्पार्क प्लग काढला की बिस्किट मिस्त्री आधी बिस्किटाचा पुडा शोधत. डाव्या हातात फडक्यात धरलेला गरम प्लग, उजव्या हातात ग्लुकोजचं बिस्किट. दोन्ही उन्हात शेजारी शेजारी धरायचे आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघायचं. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर इंजिनात पेट्रोल आणि हवा बरोबर प्रमाणात जळते आहे. पांढरं असलं तर पेट्रोल कमी, काळं असलं तर जास्त. बघून झालं की प्लग गाडीत जाई आणि बिस्किट चहात. आसेगावच्या स्टँडजवळ त्यांचं गॅरेज होतं. पाटीवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात होतं, पण ते नाव घेऊन त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मी त्यांना चाचा म्हणत असे.

गिऱ्हाईक गाडी लावून तक्रार सांगू लागलं की ते हात वर करून त्याला थांबवत. "गाडीले काय झालं ते नोको सांगू. तू काय केलं ते सांग."

एकदा एक जण म्हणाला, "काहीच नाही केलं चाचा, आईशप्पथ."

"ऑइल बदललं?"

"नाही."

"हेच तं केलं तू."

हे बोलताना ते हसत नसत, त्यामुळे समोरच्याला हसावं की लाजावं ते कळत नसे. मला तर पहिले काही दिवस त्यांची भीतीच वाटायची.

जुन्या गाड्यांना कार्बोरेटर असे, आणि कार्बोरेटरला एक छोटा स्क्रू. तो फिरवला की पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बदलतं. चाचांचा हिशेब ठरलेला होता. स्क्रू आधी पूर्ण बंद करायचा आणि मग दीड फेरा उघडायचा. तिथून पुढे कानाने आणि प्लगच्या रंगाने थोडं इकडेतिकडे. "दीड फेरा" हे शब्द ते इतक्या वेळा म्हणत, की शेजारचा चहावाला साखर किती टाकू असं विचारायच्या ऐवजी "चाचा, किती फेरे?" असं विचारायचा. पंचवीस-तीस वर्षं आजूबाजूच्या गावांतल्या गाड्या त्या दीड फेऱ्यावर चालल्या.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यात कार्बोरेटर नाही, स्क्रू नाही. किती पेट्रोल सोडायचं ते सीटखालचा एक छोटा संगणक ठरवतो. चाचांनी अशा गाड्या घ्यायला सरळ नकार दिला. "हे गाडी नाई, मोबाइल हाय. मोबाइलच्या दुकानात ने," असं म्हणून ते गिऱ्हाइकाला मंगरुळपीरला पाठवून देत. सुरुवातीला लोक हसले. पण जुन्या गाड्या कमी होत गेल्या तशी गॅरेजसमोरची रांगही कमी झाली. कॉलेजच्या बससाठी स्टँडवर येऊ लागले तशी मी त्यांना ओळखू लागले, तेव्हा दुपारी ते बहुतेक वेळा रिकामे बसलेले असत. कारंजाला दिलेली त्यांची मुलगी फोन करून म्हणायची, अब्बा, बस झालं, इकडे या. "दिवाळीपरेंत पाहतो," ते चहावाल्याला सांगत. "नाई तं शटर पाडतो."

माझी गाडी इंजेक्शनचीच होती. खरं तर ती माझ्या भावाची. त्याने हौसेने कंपनीचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवला आणि मग तो कामाला पुण्याला निघून गेला. मी वाशीमला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे बसची वेळ जमत नाही म्हटल्यावर बाबांनी फार विचार न करता गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. पण सायलेन्सर बदलल्यापासून ती गाडी खोकायची. मध्येच दम खायची, रेस सोडली की मागून फटाके फोडायची. सगळा रस्ता माझ्याकडे वळून बघायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भावाने सायलेन्सरसोबत एक छोटी काळी डबीही मागवली होती, ती न बसवताच राहिली होती. इंजिनात पेट्रोल सोडणारं जे इंजेक्टर असतं, त्याच्या आणि संगणकाच्या मध्ये ही डबी जोडायची. मोठ्या सायलेन्सरमुळे पेट्रोल कमी पडतं, म्हणून संगणक जेवढं सांगेल त्यात ती थोडी भर घालते. किती भर घालायची त्यासाठी डबीवर तीन बारीक स्क्रू होते. एक कमी रेससाठी, एक मधल्या, एक जास्त. ते तीन स्क्रू बघितले आणि मला चाचा आठवले.

मी डबी आणि तिचा इंग्रजी कागद घेऊन गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे मोबाइलच्या दुकानाचा रस्ता दाखवला. मी डबी त्यांच्या पुढे धरली.

"हे काय हाय?"

"याच्यावर स्क्रू हायेत, चाचा."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. डबी उलटीसुलटी करून पाहिली. "पेट्रोलचे?"

"हो."

"उभी कर गाडी."

मग त्यांनी आतून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि अगदी रस्त्याच्या कडेला, उघड्यावर ठेवली. "इथं बस. सगळ्याइले दिसलं पाह्यजे तू काय करून राह्यली ते. मंग कोनी काही बोलत नाई." मुलगी गॅरेजवर बसली तर लोक काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात होता, पण मी तो बोलून दाखवला नव्हता.

त्यांनी सीट काढली, टाकी थोडी उचलली. मी कागद वाचून सांगत होते. इंजेक्टरची वायर काढा, ती डबीत लावा, डबीची वायर इंजेक्टरला, काळी वायर बॅटरीच्या उण्या टोकाला. वायरी जोडणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या चापांना हात लावताना चाचांची बोटं जरा बिचकत होती, पण दोन-तीन उघडल्यावर सरावली. गाडी सुरू झाली. डबीवर हिरवा दिवा लागला. त्यांनी बारीक पेचकस घेतला, मधला स्क्रू घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत बंद केला, आणि मग उलटा फिरवायला लागले. तोंडाने हलकेच म्हणत होते, "दीड फेरा."

माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं की हे स्क्रू पाऊण फेराच फिरतात, त्यापुढे जोर लावू नये. मी ती ओळ वाचली होती. पण तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला मी, दुसऱ्या वर्षाची मुलगी, कसं सांगणार? त्यांना माहीत असेलच, असं मी स्वतःला समजावत होते, तेवढ्यात टक् असा आवाज आला. स्क्रू सैल झाला आणि नुसता गरगर फिरू लागला.

चाचांनी हात काढून घेतला. हात स्वच्छ होता तरी फडक्याला पुसला. मग डबी काढली, वायरी पहिल्यासारख्या लावल्या, सीट बसवली. डबी माझ्या हातात देऊन म्हणाले, "भावाले सांग, मिस्त्रीनं तोडलं." आणि आत जाऊन बसले. चहावाल्याने "किती फेरे?" विचारलं, तर हातानेच चहा नको म्हणून खुणावलं.

पुढचे चार दिवस मी बसने कॉलेजला गेले. गॅरेजसमोरून बस जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायची. पाचव्या दिवशी चहावाल्याने मला स्टँडवर गाठलं. चाचा सामान आवरून राह्यले, म्हणाला. मुलीला फोन करून सांगितलं त्यांनी, आता येतो म्हणून.

मी तशीच गॅरेजमध्ये गेले. ते पाने-पेचकस एका पेटीत भरत होते.

"चाचा, मी वाचलं होतं. तो स्क्रू पाऊण फेराच फिरते, असं कागदावर लिहेल होतं."

त्यांनी मान वर केली. "मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी मोठे. मले वाटलं, तुमाले माहीत असन."

"मले कसं माहीत असन? मले इंग्रजी येते का?" त्यांचा आवाज चढला, पण लगेच खाली आला. "आपला हात गेला असं समजून मी चार दिवस नीट जेवलो नाई, अन् तू कागद घेऊन घरी बसली. मोठा हाव म्हून चुकू देते का मले?"

मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग हात पुढे करून म्हणाले, "कुठी लिहेल हाय? आन तो कागद. पहिल्यापासून वाच. मंधातलं काही सोडू नोको."

दुसऱ्या दिवशी मी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मराठी करून सांगितला. डबी पाण्याने धुऊ नये, लहान मुलांपासून दूर ठेवावी, हेसुद्धा. ते प्रत्येक ओळीला "हं" म्हणत होते. वाचून झाल्यावर त्यांनी डबीचे मागचे चार स्क्रू खोलले, आत तुटलेला भाग चिमट्याने हलवून पाहिला, आणि त्यांचा चेहरा पालटला.

"अवो, हा तं रेडिओचा कान हाय."

रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं जे बटण असतं, तेच आत होतं, फक्त लहान. मी त्यावरचा आकडा वहीत उतरवून घेतला. मंगरुळपीरला रेडिओ दुरुस्त करणारा त्यांचा एक जुना मित्र होता, त्याच्याकडून चाचांनी त्याच आकड्याचं बटण बसवून आणलं. पण त्याच्याकडे होतं ते जुन्या रेडिओचं, मोठं, गोल, कडेला आकडे छापलेलं. डबीतून ते बाहेर आलेलं असायचं. ते बघून चहावाला म्हणाला, "चाचा, याच्यात बातम्या किती वाजता लागते?"

"तुह्या घरच्या लागते. लावू का?"

त्या दिवशी त्यांनी मला प्लग काढायला शिकवलं. इंजिन ज्या वेगाला बंद केलं त्याच वेगाचा रंग प्लगवर राहतो, म्हणून सरळ रस्त्यावर जाऊन गाडी पळतानाच बंद करायची आणि तिथेच प्लग काढून आणायचा. त्यांचे गुडघे दुखत, आणि माझ्या मागे बसून येणं त्यांना बरं वाटलं नसतं. त्यामुळे पाना घेऊन मी एकटीच गेले. पहिल्या खेपेला प्लग पांढरा. त्यांनी बटण थोडं फिरवलं. दुसऱ्या खेपेला काळा. "आता जळली पोळी," म्हणाले, आणि केसभर मागे घेतलं. तिसऱ्या खेपेला मी प्लग दिला, तेव्हा ते गॅरेजच्या सावलीतून बाहेर उन्हात आले. बिस्किट शेजारी धरून इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, परत काहीतरी बिघडलं. मग ते बिस्किट त्यांनी मला दिलं. "खाय," एवढंच म्हणाले.

पान्यांची पेटी आत गेली, पण मुलीला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही.

महिनाभराने पोहरादेवीची यात्रा होती. यात्रेला निघालेल्या एका कुटुंबाची नवी इंजेक्शनची गाडी स्टँडजवळ बंद पडली. तो माणूस ढकलत आणून म्हणाला, "चाचा, तुमी या गाड्या घेत नाही म्हणतात."

"गाडीले काय झालं ते नोको सांगू. तू काय केलं?"

"काही नाही. देवीला जायचं म्हणून काल चांगली धुतली फक्त."

चाचांनी सीट काढली. त्या प्लास्टिकच्या चापांपैकी एक उघडला, त्यातून पाणी टपकलं. फडक्याने पुसलं, तोंडाने फुंकर मारली, परत लावला. गाडी एका बटणात सुरू झाली. त्याच्या बायकोने कडेवरच्या लेकराचा हात धरून चाचांना नमस्कार करायला लावला. मी तिथेच खुर्चीवर बसले होते. चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "मोबाइलले पानी लागलं होतं."

त्यानंतर मी डिप्लोमा पूर्ण केला आणि मला अमरावतीला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. गाडी आता बाबा चालवतात, रेडिओच्या बटणासकट. वर्गात सर फळ्यावर काही चुकले तर पूर्वी मी वहीत बरोबर करून घेत असे आणि गप्प बसत असे. आता हात वर करते. आवाज कापतो, पण करते. गेल्या हिवाळ्यात चाचांचं गॅरेज बंद झालं. गुडघ्यांनी उभं राहणं होईना, म्हणून ते कारंजाला मुलीकडे गेले. गाड्या येत नाहीत म्हणून शटर पडलं नाही, हे मी घरी सगळ्यांना मुद्दाम सांगते.

ज्या दिवशी मी अमरावतीला निघाले, त्या दिवशी निरोप घ्यायला गेले होते. गॅरेजसमोर तीन गाड्या उभ्या होत्या, तिन्ही इंजेक्शनच्या. चौथीच्या सीटखाली चाचांचं डोकं होतं. मी बॅग खाली ठेवून उभी राहिले. काय काय बोलायचं ते मी येताना ठरवलं होतं. "चाचा, मी चालले," एवढंच तोंडातून निघालं.

"हाव. नीट जा. पोहचली का बाबाले फोन कर."

मी तरी उभीच होते. तेवढ्यात बस आली.

"आली तुही बस. जाय आता, उभी नोको राहू," ते आतूनच म्हणाले. "मले टाइम नाई."

त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. बस सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिलं. त्यांनी एक हात बाहेर काढला होता. मला वाटलं, माझ्यासाठी. पण तो हात चाचपडत पेचकस शोधत होता. पेचकस सापडला, आणि हात परत सीटखाली गेला.