रस्त्यापलीकडचा उमेदवार

मतदारकाका कुणाच्याही घरी रिकाम्या हातानं येत नसत. बारसं असो, वाढदिवस असो, हातात मिठाईचा खोका आणि शर्टाच्या खिशात मतदार नोंदणीचे तीन-चार कोरे फॉर्म. जेवणं झाली की ते एखाद्या नव्या माणसाशेजारी जाऊन बसत आणि विचारत, "सिटिझन झाले ना तुम्ही? मग रजिस्टर काऊन नाही केलं?" नागपूर सोडून वीस वर्षं झाली तरी त्यांचं 'काऊन' सुटलं नव्हतं. आमच्यातल्या टवाळ मंडळींनी त्यांना चिडवायला हे नाव ठेवलं. काकांना ते फार आवडलं, त्यामुळे टवाळांचीच पंचाईत झाली.

आमचं गाव एडिसनपासून जवळ. काका एका कंपनीत पुलांची ड्रॉइंग्ज काढत. काकू गेल्यापासून घरात ते आणि कॉलेजात जाणारी मुलगी, मित्रा. त्यांच्या घरासमोर मोठा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे आमचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स. तिथे गुजराती, तेलुगू, मराठी अशी सगळी आपलीच माणसं. दर शनिवारी काका रस्ता ओलांडून यायचे आणि दारोदार फिरायचे. सात-आठ वर्षांत त्यांनी तिथली शंभरावर माणसं मतदार केली होती.

माझ्याकडे मात्र नुसतं ग्रीन कार्ड होतं. सिटिझनशिपचा अर्ज मी टाळत होते. "परत जायचंय, काका," मी म्हणायचे.

"जा ना, बाई. पण आहेस तोवर इथली तर हो."

एकदा मी त्यांना विचारलं, की मतदानाचं एवढं काय? त्यावर त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात विहीर वेगळी होती, मसणवटासुद्धा वेगळा. पहिल्या निवडणुकीला वडील पहाटेच जाऊन रांगेत उभे राहिले. मागून गावचा पाटील आला आणि त्याला त्यांच्या मागेच उभं राहावं लागलं. "बाप घरी आला, तो दिवसभर बोटावरची शाई पाहत बसला होता," काका म्हणाले. ही गोष्ट त्यांनी मला पुन्हा कधी सांगितली नाही.

नव्वदच्या जनगणनेनंतर गावातल्या वॉर्डांच्या सीमा बदलल्या. तोवर काकांनी कौन्सिलला उभं राहायचं असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. नवा नकाशा आला तेव्हा काकांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले. सीमा नेमकी त्या मोठ्या रस्त्यावरून गेली होती. कॉम्प्लेक्स एका वॉर्डात, काकांचं घर दुसऱ्यात. आणि उभं राहायचं तर स्वतःच्याच वॉर्डातून.

"सोपं आहे यार, काका," कुणीतरी म्हणालं. "कॉम्प्लेक्समध्ये एक अपार्टमेंट रेंट करा. नुसत्या अ‍ॅड्रेसपुरतं."

"आणि पहिल्याच फॉर्मवर खोटं लिहू?" काकांनी नकाशाची घडी घातली.

ते आपल्याच वॉर्डातून अपक्ष उभे राहिले. मित्रा म्हणाली, "बाबा, दे डोन्ट ईव्हन नो यू."

"म्हणून तर जायचं," काका म्हणाले.

दोन महिने रोज संध्याकाळी ते घरोघर गेले. "माय नेम इज लाँग, बट माय स्पीच इज शॉर्ट," अशी त्यांची सुरुवात असे. एका गृहस्थानं त्यांना गवत कापायला आलेला माणूस समजून मागच्या अंगणात नेलं. काकांनी अंगणाची तारीफ केली आणि तिथेच भाषणही केलं. हळूहळू लोक त्यांना ओळखू लागले. "ही माइट विन," हे मी दुकानात माझ्या कानांनी ऐकलं.

मतदानाच्या दिवशी ऑफिस लवकर आटपून मी शाळेत गेले. काकांच्या वॉर्डाचं मतदान तिथेच होतं. नियमाप्रमाणे दारापासून लांब, थंडीत कुडकुडत ते येणाऱ्यांशी हात मिळवत होते. चारच्या सुमाराला कॉम्प्लेक्समधली माणसं येऊ लागली. इतकी वर्षं त्यांचंही केंद्र याच शाळेत होतं. आता ते दोन मैलांवर, अग्निशमन दलाच्या फायरहाउसमध्ये गेलं होतं. टपालानं पत्रं आली होती, पण बहुतेकांनी ती जाहिरातींबरोबर टाकून दिली होती. टेबलावर त्यांना सांगत, तुमचं नाव इथे नाही, आणि माणसं निमूट घराकडे वळत. पुष्कळ जण चालत आले होते.

काकांनी पाच मिनिटं हे पाहिलं. मग कोटाच्या खिशातून व्हॅनची किल्ली काढली.

"काका, आत्ता नाही," मी म्हणाले. "ऑफिसातून ट्रेननं परतणारी माणसं आत्ताच येतील. ती तुमची मतं आहेत."

"तुझी गाडी आहे ना? चार जण तू घे."

आठ वाजता मतदान संपेपर्यंत आम्ही दोघं शाळा ते फायरहाउस फेऱ्या मारत होतो. शाळेच्या वाटेवर काकांची जागा रिकामीच राहिली.

ते एकोणीस मतांनी हरले.

निकाल कळल्यावर मी त्यांच्यावर चिडले. "त्यातला एक माणूस तरी तुम्हाला मत देऊ शकत होता का?"

"नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "पण त्यांना शाळेचा रस्ता मीच दाखवला होता. परत जा, असं ऐकून माणूस एकदा घरी गेला ना, की पुढच्या वेळी येत नाही."

त्यानंतर महिनाभर ते कुठेच दिसले नाहीत. पुढे त्यांच्या मुलीला लांब, शॉमबर्ग गावात नोकरी लागली आणि घर विकून काकाही तिच्याकडे गेले. निघताना त्यांनी मला काहीही सांगितलं नाही. तरी त्याच आठवड्यात मी सिटिझनशिपचा अर्ज भरला.

शपथ घेतली त्या दुपारी मी त्यांना फोन केला.

"रडलीस?" त्यांनी विचारलं.

"हो. गाडीत बसून."

"मी माझ्या शपथेच्या दिवशी तिथल्या बाथरूममध्ये," काका म्हणाले. "नळ चालू ठेवला होता. बाहेर पोरगी उभी होती ना."